बुवांचा उतार आणि मल्हारीचा खराटा

एकदा एक बुवा एका टेकडीवर मठ करून राहत होते. टेकडी कसली म्हणा, देवानं डोंगर करायला घेतला आणि अर्ध्यात जेवायची हाक आली म्हणून तसाच उठून गेला, एवढीच ती. माथ्यावर मठ, पायथ्याला गाव आणि मधोमध एक उतार. हा उतार म्हणजे सर्व अवगुणांचं माहेरघर. वरचा भाग निव्वळ मुरूम, वैशाखात तिथं अंडं ठेवलं तर उकडून मिळावं. मधल्या भागात चिंचेची गर्द सावली, तिच्याखाली गवताची काडी धरत नसे. आणि खालची कड इतकी उभी, की शेळीसुद्धा उतरताना देवाचं नाव घेई. त्या कडेच्या अगदी खाली गावाची बारव होती. सगळं गाव तिचंच पाणी पीत असे. दुसरं पाणी म्हणजे दोन कोसांवरची नदी. डोक्यावर हंडा घेऊन दोन कोस चालणं काय असतं, हे ज्या पुरुष वाचकांना ठाऊक नसेल त्यांनी घरी विचारू नये. उत्तराऐवजी हंडा मिळेल.

तरुणपणी बुवांनी या उतारावर गुलाब लावून पाहिले. ते करपले. मोगरा लावला, तो रुसला. हरळी लावली, ती पावसाबरोबर बारवेत तीर्थस्नानाला गेली. मग बुवांनी हात टेकले आणि डोळे उघडले. आसपासच्या माळावर कोणी न लावता, न शिंपता काय जगतं, ते त्यांनी हिंडून पाहिलं. मुरमावर तरवड आणला. चिंचेखाली अडुळसा आणि कोरांटी लावली. उभ्या कडेला भुईरिंगणी सोडली. ही बया जमिनीला छाती लावून पसरते आणि पाय ठेवणाऱ्याला अशी डसते, की त्याला आपल्या आजोळची सगळी नावं आठवावीत. पहिल्या वर्षी बुवांनी थोडं पाणी दिलं. त्यानंतर त्या उताराकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. झुडपं एकमेकांत शिरली, खाली पाचोळ्याची गादी साचली, आणि वर येणारा प्रत्येक पाहुणा नाक मुरडू लागला. पण बारवेचं पाणी भर हस्त नक्षत्रातही असं नितळ, की तळाशी पडलेली सुई दिसावी.

पुढं बुवांकडे एक शिष्य आला. नाव मल्हारी. या मल्हारीला एक भयंकर रोग होता, तो म्हणजे कामाचा. बसलेला मल्हारी कोणी पाहिला नव्हता. जेवतानाही त्याचा डावा हात काही ना काही पुसत असे. असा शिष्य मिळाल्यावर कोणता गुरू यात्रेला जाणार नाही? बुवाही निघाले. चांगली लांबची, पायी यात्रा. जाताना म्हणाले,

"मल्हारबा, मठ सांभाळ. दिवाबत्ती कर. उताराकडे मात्र बघू नकोस."

"बघणार नाही, बुवा," मल्हारी म्हणाला.

आणि बुवांची पाठ वळताच त्यानं उताराकडे पाहिलं. एवढं गचपण! गुरूंच्या दारात! त्याच्या मनात लख्ख प्रकाश पडला. गुरू थोर आहेत, त्यांना शिष्याकडून सेवा मागायचा संकोच वाटतो. म्हणूनच 'बघू नकोस' म्हणाले. न सांगता ओळखतो तोच खरा शिष्य! मंडळी, शहाण्या माणसाचा घात त्याच्या अकलेनं होत नाही इतका या 'न सांगता ओळखण्यानं' होतो. विचारा कुठल्याही नवऱ्याला.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत मल्हारी खराटा घेऊन उतारावर उतरला. पाचोळा झाडून पाट्या भरभरून मठामागच्या उकिरड्यावर टाकला. एकमेकांत शिरलेली झुडपं छाटून सुटी केली. तरवडाचे लाडवासारखे गोल गोळे केले. प्रत्येक झुडपाभोवती खुरप्यानं सुबक आळं केलं आणि त्यात कळशी रिती केली. भुईरिंगणीचे काटे पायांत मोडले, पण तिलाही त्यानं उपटून हद्दपार केलं. महिन्याभरात उतार असा दिसू लागला, जसा मुंजीतला बटू. गुळगुळीत आणि जरासा भेदरलेला.

गाव वेडं झालं. "मठ कसा आरशासारखा ठेवलाय!" लोक म्हणत. हंडा भरायला बारवेवर येणारी साळूबाई, जिनं आजवर सख्ख्या सुनेच्या भाकरीला बरं म्हटलं नव्हतं, तीसुद्धा वर पाहून म्हणाली, "हात आहेत की काय रे तुझे मल्हारबा, का चंदनाची खोडं?" त्या रात्री मल्हारीला झोप लागली नाही. सकाळी त्यानं दुप्पट झाडलं.

त्या वर्षी हस्ताचा पाऊस आला आणि बारवेचं पाणी तांबूस झालं. लोक म्हणाले, होतं कधी कधी. पुढच्या वर्षी हस्त आला तो हत्तीसारखाच आला, आणि उतारावरून तांबड्या चिखलाचा लोंढा बारवेत शिरला. पायऱ्या बुडाल्या, झरा बुजला. बायका नदीवर चालू लागल्या. पार संक्रांत उलटली, तेव्हा कुठं माणसं लावून उपसून पाणी प्यायजोगं झालं. चिखल का आला, हे कोणालाच कळेना. कोणी म्हणे ग्रह, कोणी म्हणे बारवेवरच्या देवीचा कोप. मल्हारी एकटाच ठाम होता. त्याच्या मते कारण स्पष्ट होतं: सेवा कमी पडली. त्यानं संध्याकाळचंही झाडणं सुरू केलं.

चैत्रात बुवा परतले. त्यांच्या स्वागताला पाटील उभे होते, हात जोडून, पण भुवया काही जोडलेल्या नव्हत्या.

"बुवा, स्पष्ट बोलतो. टेकडी गावाची आहे. तुमचा मठ वर, आमचं पाणी खाली. यंदा हस्तात पुन्हा चिखल आला तर मठ उतरवायचा, वरपासून खालपर्यंत दगडी बांध घालायचा. पंचांनी ठरवलंय. माझ्या घरचीच नदीवर चालून चालून माझ्याशी बोलायची बंद झाली आहे."

"मग पाटील, तुम्हाला त्रास आहे की आराम?" बुवा म्हणाले.

पाटलांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. "यंदाचा हस्त, बुवा," एवढंच म्हणून ते गेले.

मल्हारीनं हे सगळं दाराआडून ऐकलं. हा मठ म्हणजे त्याचं सर्वस्व. आईबाप गेल्यावर ज्या उंबऱ्यानं त्याला आत घेतलं, तोच उंबरा आता पाडणार? तो खराटा उचलून धावतच उताराकडे निघाला. बुवा चिंचेखाली उभे राहून त्या गुळगुळीत उताराकडे बराच वेळ पाहत होते.

"मल्हारबा, राहू दे रे हे."

"हो, बुवा," मल्हारी म्हणाला आणि झाडू लागला.

बुवांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, आणि आत जाऊन शांतपणे ताक प्यायले.

त्यानंतर चमत्कार सुरू झाला. रात्री मल्हारी स्वच्छ उतार सोडून झोपायचा, आणि सकाळी पाहतो तर चिंचेखाली पाचोळा! तरवडाखाली काड्या! कोरांटीच्या बुडाशी वाळकी पानं अशी काही पसरलेली, जशी कोणी अंथरूण घातलंय. त्याला आधी वाटलं वारा. पण वारा काय कोपरे धरून अंथरतो? मग त्याचा संशय गुराख्यांवर गेला. मग साळूबाईवर.

"मी?" साळूबाई बारवेवर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझ्या घरचा कचरा टाकायला मी टेकडी चढून येऊ? मेल्या, माझे गुडघे बघितलेस का? मला कचरा टाकायचाच असता तर तुझ्या डोक्यावर टाकला असता, ते जवळ पडतं."

मल्हारीचा संताप दिवसागणिक चढत गेला. कोणी तरी मठाचा वैरी आहे. कोणाला तरी पुन्हा चिखल यावा, मठ उठावा असं वाटतंय. हे साधं वैर नव्हे, हे कारस्थान! त्यानं मनाशी शपथ घेतली, की त्या चांडाळाला रंगेहाथ पकडायचं आणि त्याचाच कचरा त्याच्याच मस्तकी घालायचा.

मृगाच्या सरी पडून गेल्या होत्या. एके दिवशी भल्या पहाटे मल्हारी अडुळशाच्या झुडपाआड जाऊन बसला. पायाला मुंग्या, नाकाशी डास, पण गडी हलला नाही. पूर्वेला जरा उजाडलं आणि वरून पावलं वाजली. घोंगडं पांघरलेली एक वाकडी आकृती, डोक्यावर पाटी घेऊन, हळूहळू खाली उतरत होती. आणि निर्लज्जपणा केवढा! गुणगुणत होती! चिंचेखाली येऊन तिनं पाटी खाली ठेवली आणि पाचोळ्याची एकेक मूठ घेऊन, बी पेरावं तशी, झुडपांच्या बुडाशी टाकू लागली.

"सापडलास, लेका!" मल्हारीनं झेप घेतली. एका हातानं घोंगडं धरलं, दुसऱ्या हातानं पाटी उचलली आणि सगळीच्या सगळी त्या डोक्यावर पालथी केली. "घे! घे तुझा कचरा! मठाचा वैरी! कोण आहेस तू? बोल!"

पाचोळ्याच्या ढिगातून आधी खोकला आला, मग हसू.

"अरे, पुरे, पुरे! सगळा माझ्यावरच संपवू नकोस. जरा कोरांटीलाही राहू दे."

मल्हारीनं पाटी खाली सोडली. तो आवाज त्यानं ओळखला. घोंगडं सरकलं. आत बुवा बसले होते. दाढीत चिंचेचा पाला, कानावर एक काडी, आणि नाकावरून एक मुंगळा प्रदक्षिणेला निघालेला.

"बुवा... तुम्ही?"

"नाही, माझी मावशी. अरे, मीच."

मल्हारी धाडकन पायांवर कोसळला. "माझ्या हातून हे काय पाप झालं! गुरूच्या मस्तकी कचरा!"

"झालं ते उत्तम झालं. या टकलावर काही उगवलं तर तुझंच नाव देईन. ऊठ."

"पण बुवा, तुम्ही हे का करता? मी दिवसभर झाडतो आणि तुम्ही..."

"तू दिवसभर उकिरड्यावर नेतोस, मी पहाटे परत आणतो. बोलून पाहिलं होतं. तू 'हो' म्हणालास आणि खराटा उचललास. तेव्हा म्हटलं, याला शब्द ऐकू येत नाही, कचरा मात्र बरोबर ऐकू येतो. ये इकडे."

बुवांनी त्याला एका मोठ्या खडकामागं नेलं. तिथं खराटा पोचत नसल्यामुळं जुनी पाचोळ्याची गादी तशीच राहिली होती. "हात घाल," बुवा म्हणाले. मल्हारीनं हात घातला. आत गार होतं, ओलं होतं, मऊ होतं. बोटांना पांढऱ्या मुळांची जाळी लागली, जणू कोणी खालून त्याचा हात धरत होतं. मग बुवांनी त्याचा तोच हात आळ्याशेजारच्या झाडलेल्या जमिनीवर ठेवला. ती भाजलेल्या पापडासारखी कडक होती, आणि खुरपलेल्या जागी नुसती भुकटी.

"आता सांग. पावसाचं पाणी आलं, तर कुठं थांबेल आणि कुठून पळेल?"

मल्हारीनं दोन्हीकडे पुन्हा हात लावून पाहिला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. उघड्या पडलेल्या भुकटीकडे त्यानं पाहिलं, मग खाली बारवेकडे.

"म्हणजे बारव... मी बुजवली?"

"तू आणि खराट्यानं मिळून. सगळं श्रेय एकट्यानं घेऊ नये," बुवा म्हणाले. मग ते खाली बसले, दाढीतला पाला काढून त्यांनी तो कोरांटीच्या बुडाशी ठेवला आणि शांत आवाजात बोलले,

"मल्हारबा, ही झुडपं मी निवडली, ती त्यांना माणूस लागत नाही म्हणून. आपलं जेवण ती आपणच गाळतात, आपलं पांघरूण आपणच घेतात. त्यांच्या पायाशी पडलेलं तू रोज उचलून नेलंस, आणि वर कळशीभर पाणी पाजून विचारत राहिलास, 'बाळांनो, तुम्ही सुकता का?' तुझे कष्ट खरे होते. पण ते झुडपांसाठी नव्हते. रिकामं बसलो तर आपण कशाला आहोत, हा प्रश्न तुला छळत होता, आणि तो तू रोज सकाळी झाडून काढत होतास. सेवा करण्यापूर्वी एकदा विचारावं, हिची गरज कोणाला आहे? समोरच्याला, की मला? ज्याला आपली गरज नाही त्याच्यापासून हात मागं घेणं, हीसुद्धा सेवाच आहे. फक्त तिला शाबासकी देणारा कोणी नसतो, म्हणून ती फार थोड्यांना जमते."

मल्हारी डोळे पुसत म्हणाला, "बुवा, आता मी काय करू?"

"हेच ते!" बुवा टाळी वाजवून हसले. "आत्ताच सांगितलं आणि लगेच विचारतो, काय करू! उकिरड्यावर राहिलेला पाचोळा आणून पसर. आळी बुजव. मग बस."

पाचोळा पसरणं सोपं होतं, आळी बुजवणं सोपं होतं. बसणं मात्र मल्हारीला फाशीसारखं वाटलं. त्याचे हात आपोआप हलत. उठून तो उताराच्या कडेपर्यंत जाई आणि परत येई. एखादं वाळकं पान वाकडं पडलेलं दिसलं, तर सरळ करायला त्याचा जीव तळमळे. शेवटी बुवांनी त्याच्यापुढं कापूस टाकला. "हाताला फारच खाज सुटली तर वाती वळ." मल्हारी वाती वळू लागला. इतक्या वळल्या, की गावातल्या सगळ्या देवघरांना पुरून शेजारच्या गावात पाठवाव्या लागल्या.

आणि लोक! काल आरती ओवाळणारेच आज दगड शोधू लागले. "बुवा आले आणि याच्या अंगात आळस शिरला." "मठाचं रान झालंय." साळूबाई खालून ओरडे, "काय मल्हारबा, कंबर गेली का खराटा गेला?" पहिल्यांदा मल्हारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग एके दिवशी तो खाली उतरला आणि भर बारवेवर बायांसमोर म्हणाला, "साळूबाई, गेल्या साली तुम्ही नदीवर चाललात ती माझ्या खराट्यापायी. जमीन मी उघडी केली, ती वाहून तुमच्या पाण्यात आली."

साळूबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पाचोळा काढला म्हणून चिखल येतो होय? कोणाला शिकवतोस? मी जन्मभर अंगण झाडतेय!" असं म्हणून ती हंडा उचलून गेली. पण जाताना एकदा मागं वळून तिनं उताराकडे पाहिलं, हेही खरं.

झुडपांनी मात्र कोणाचंही मत विचारलं नाही. श्रावणात तरवडाचे गोळे फुटून त्यांना आडवे धुमारे आले. पाचोळ्याखाली दडलेलं बी वर डोकावलं. हद्दपार केलेली भुईरिंगणी, काहीच झालं नाही अशा थाटात, कडेवर परत पसरली. उतारावर पुन्हा गचपण दिसू लागलं. मल्हारी रोज लांबून पाहायचा आणि दिवस बोटांवर मोजायचा. हस्त आता जवळ आला होता.

"बुवा, धरेल ना हो उतार?"

"मला काय ठाऊक?" बुवा म्हणाले. "दोन वर्षांचं तुझं झाडणं आणि चार महिन्यांचं तुझं न झाडणं. कुस्ती होईल." आणि कूस बदलून घोरू लागले.

नवरात्र तोंडावर आलं, तेव्हा गावचे गुळाचे व्यापारी शेठ पालखीच्या थाटात टेकडी चढून आले. त्यांचा कसलासा नवस फळला होता. मागं मजूर, मजुरांच्या खांद्यावर खराटे, फावडी, घमेली. बाजूला पाटील आणि तमाशा पाहायला अर्धं गाव.

"शिव शिव शिव!" शेठ उतार पाहून म्हणाले. "देवीचे दिवस आणि ही अवकळा? बुवा, तुम्ही निजा. माझी माणसं संध्याकाळपर्यंत सगळा उतार खरवडून लख्ख करतील. खर्चाचं तोंडदेखील बघू नका. लागा रे!"

मजुरांनी फावडी उचलली. बुवांनी डोळे मिटले. पण एक अर्धवट. आणि त्या अर्ध्या डोळ्यानं त्यांनी पाहिलं, की मल्हारी उठला आणि उताराच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

"शेठ, जरूर खरवडा," मल्हारी म्हणाला. "फक्त एक करार करू. हस्ताचा पाऊस पडला की बारवेतून पहिला तांब्या भरायचा. उतार तुम्ही झाडलात, तर तो तांब्या सगळ्या गावासमोर तुम्ही प्यायचा. झाडला नाही, तर मी पिणार."

गर्दीत एकदम गलका उठला. "बोला, शेठ!" "करा करार!" बारव बुजल्यापासून शेठच्या घरी नदीचं पाणी खेचरावरून येत असे, हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं? शेठनी खाली बारवेकडे पाहिलं. तिच्या दगडी भिंतीवर गेल्या सालच्या चिखलाची तांबडी रेघ अजून पुसली गेली नव्हती.

"तसं नाही..." शेठनी उपरणं सारखं केलं. "आमचं पोट जरा नाजूक आहे."

"आणि आमची काय पखालीची आहेत?" गर्दीतून साळूबाई कडाडली. लोक असे हसले, की मजुरांनीही फावडी खाली ठेवून हसून घेतलं.

पाटलांनी हात वर केला. "ठरलं. हस्त होईतो उताराला कोणी बोट लावायचं नाही. पण मल्हारी, पाणी गढूळ निघालं तर ते तू पिशील, आणि मठ त्याच आठवड्यात खाली येईल. मान्य?"

मल्हारीनं बुवांकडे पाहिलं. बुवांनी तो अर्धा डोळाही मिटून घेतला.

"मान्य," मल्हारी म्हणाला.

हस्त लागला आणि एका दुपारी आभाळ काळंठिक्कर पडलं. पाऊस कोसळला म्हणण्यापेक्षा कोणी तरी वरून हौदच पालथा केला. समोरचा माणूस दिसेना. पण गावात घरात थांबतो कोण? पोती, इरली, सुपं, जे मिळेल ते डोक्यावर घेऊन सगळं गाव बारवेभोवती जमा झालं. वरून मल्हारी धावत उतरला. हातात रिकामा तांब्या, आणि ओठांवर कुठल्या तरी देवाचं नाव. कुठल्या, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"आला! चिखल आला!" कोणी तरी किंचाळलं.

खरंच, तांबडा लोंढा उसळत येत होता. पाटील पुढं झाले. पण साळूबाई, जिचे गुडघे वर चढत नव्हते, ती सपाटीवर हरणासारखी पळाली, लोंढ्याच्या उगमापर्यंत पोचली आणि तिथून ओरडली,

"अहो पाटील! हा टेकडीवरून नाही! हा तुमच्या अंगणातून येतोय!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. पाटलांचं अंगण गावात सर्वांत स्वच्छ. दिवसातून तीनदा झाडलेलं, गवताचं पातं ठेवलेलं नाही. ते अंगण आता गल्लीतून वाहत बारवेला वळसा घालून पावसाळी ओढ्याकडे निघालं होतं. पाटील एकदा अंगणाकडे आणि एकदा मिशीकडे पाहू लागले.

आणि उतार? उतारावर पाऊस धो धो बडवत होता, पण खाली काही येईना. बराच वेळ येईना. लोक वर पाहत राहिले. मग कडेच्या भुईरिंगणीखालून पाणी पाझरू लागलं, सावकाश, बारीक बारीक धारांनी, जणू घाई करायची त्याची सवयच मोडली होती. पहिल्या धारा चहाच्या रंगाच्या होत्या. मागच्या फिक्या झाल्या. पाऊस ओसरला तेव्हा बारवेची वरची पायरी भिजली होती आणि पाण्याखालची स्वच्छ दिसत होती.

मल्हारी पायऱ्या उतरला. तांब्या बुडवला. वर काढून पाहिला. तांब्याचा तळ दिसत होता. सगळं गाव वरून वाकून बघत होतं. त्यानं तांब्या तोंडाला लावला आणि घटाघट, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायला.

"कसं आहे रे?" पाटलांनी विचारलं.

"गोड आहे," मल्हारी म्हणाला. मग जरा विचार करून, "अडुळशाचा किंचित वास येतो."

"मग गावाचा खोकला फुकटात गेला," मागून बुवा म्हणाले. ते कधी उतरून आले होते, कोणाला कळलंच नव्हतं.

एकच आरडाओरडा झाला. इरली उडाली, सुपं उडाली. शेठनीसुद्धा ओंजळ भरून एक घोट घेतला आणि कोणी पाहत नाहीसं बघून दुसराही घेतला. साळूबाईनं मल्हारीच्या पाठीत असा धपाटा घातला, की प्यायलेलं पाणी परत येता येता राहिलं.

गलका शमल्यावर पाटील बुवांजवळ आले. पागोटं काढून डोकं खाजवत म्हणाले, "बुवा, मठ कुठं जात नाही आता. पण या उताराची काळजी पुढं कोण घेणार?"

बुवांनी मल्हारीकडे पाहिलं. मल्हारी बारवेच्या पायरीवर बसला होता. खरोखर बसला होता, दोन्ही हात मांडीवर स्वस्थ ठेवून. वर तरवडाची पिवळी फुलं पावसानं धुऊन निघाली होती, आणि त्यांतली काही गळून खालच्या पाचोळ्यावर पडत होती.

"मी घेतो," तो हळूच म्हणाला. "लांबूनच."

तर मंडळी, आपल्याही घरात काही माणसं तरवडाच्या जातीची असतात. त्यांच्या भोवतीचा पाचोळा निदान आज संध्याकाळी तरी तसाच राहू द्या.